नायिका डोक्यात जाते म्हणजे नेमकं काय होतं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की कादंबरी एनिमीज टू लव्हर्स वळणाची आहे, म्हणजे आधी वैर मग प्रेम, चाळीस भाग लिहून झालेत, ओळखीतल्या बऱ्याच जणींना वाचायला दिली आणि जवळजवळ सगळ्यांनी एकच सांगितलं, हिरो आवडला पण नायिका डोक्यात जाते. नायिका निफाडकडच्या द्राक्षबागायतदाराची मुलगी, हिरो एका पॅकहाऊसमध्ये, म्हणजे एक्स्पोर्टची द्राक्षं तपासून पॅक करतात तिथे, क्वालिटी बघणारा, त्याने तिच्या वडिलांचा एक्स्पोर्टचा माल रेसिड्यूच्या, म्हणजे फळात उरलेल्या औषधाच्या अंशाच्या कारणावरून उचलायला नकार दिला, माल मातीमोल भावाने लोकल व्यापाऱ्याला द्यावा लागला, घर कर्जात गेलं, आणि तिथून तिचं त्याच्याशी वाकडं. आता तुम्ही विचारताय की तिला जरा मवाळ करू का, एखाददुसऱ्या ठिकाणी रडवू का, की विसाव्या भागातच माफी मागायला लावू.

यातलं काहीच करू नका. मी सतरा वर्षं हस्तलिखितं वाचतेय, त्यातली निम्म्याहून जास्त प्रेमकथा, आणि 'नायिका वैताग आणते' ही तक्रार आली की लेखिका सगळ्यात आधी तिची धारच बोथट करायला घेते हे मी इतक्यांदा बघितलंय की आता प्रश्न वाचतानाच पोटात गोळा येतो. धार काढली की मग ती वैताग आणत नाही हे खरं, पण ती लक्षातही राहत नाही.

तुम्ही पाठवलेले पहिले बारा भाग आणि शेवटचे चार मी दोनदा वाचले. तुमची नायिका भांडते तेव्हा मला अजिबात कंटाळा आला नाही. पॅकहाऊसच्या गेटवर ती क्रेटमधला एक घड उचलून त्याच्या टेबलावर ठेवते आणि म्हणते "हा खाऊन दाखवा आणि मग सांगा विष आहे म्हणून", तो प्रसंग फार चांगला झालाय, तिथे मी तिच्या बाजूची होते. मला वैताग आला तो नवव्या भागापासून. नवव्या भागात तिच्या हातात लॅबचा रिपोर्ट येतो, ती ॲग्री झालेली मुलगी आहे, तिला तो वाचता येतो, त्यात आकडे मर्यादेच्या वर आहेत हे तिला दिसतं, आणि तुम्ही लिहिता "तिने तो कागद चुरगाळून टाकला". दहाव्या भागात ती पुन्हा त्याच शब्दांत त्याच्यावर तोंडसुख घेते. अकराव्यातही. इथे वाचकाचं आणि तिचं नातं तुटतं, कारण आता वाचकाला माहितीये, तिलाही माहितीये, आणि तरी ती असं का वागते ते आपल्याला कळत नाही.

वाचक नायिकेच्या रागाला वैतागत नाही. राग ही या प्रकारच्या कादंबरीतली सगळ्यात रसाळ गोष्ट आहे, त्यासाठीच तर लोक वाचतात. वाचक वैतागतो तो हा राग कशाची राखण करतोय ते दिसत नाही म्हणून. कुठलाही लांबलेला राग मागे काहीतरी झाकून उभा असतो, आपलं एखादं माणूस, घरची इज्जत, स्वतःबद्दलचा एखादा समज. ते मागचं दिसलं की माणूस कितीही हट्टी असला तरी आपण त्याच्यासोबत चालतो, आणि नाही दिसलं की ती बाई नुसतीच आडमुठी वाटते.

हे मी हवेत बोलत नाहीये, या प्रकाराचं जे मूळ उदाहरण सगळे देतात त्यातच बघा. 'प्राइड अँड प्रेज्युडिस' जेन ऑस्टिनने १७९६ मध्ये लिहायला घेतली, तेव्हा नाव होतं 'फर्स्ट इम्प्रेशन्स', एका प्रकाशकाने ती न बघताच परत पाठवली, आणि छापून आली १८१३ मध्ये. एकसष्ट प्रकरणं आहेत. नायिका एलिझाबेथ हिरोवर, म्हणजे डार्सीवर, चिडते तिसऱ्या प्रकरणात, नाचाच्या समारंभात तो तिच्या कानावर जाईल अशा बेताने म्हणतो की ठीक आहे, पण मला भुरळ पाडण्याइतकी काही देखणी नाही. नंतर विकहॅम नावाचा गोड बोलणारा लष्करी गडी येतो आणि पहिल्याच नीट भेटीत डार्सीने आपलं कसं वाटोळं केलं ते सांगतो, आणि ती ते सगळं खरं धरते. आता ती हुशार आहे, तिला माणसं ओळखता येतात असा तिचा स्वतःबद्दल समज आहे, आणि तरी फसते. आपण तिला मूर्ख का म्हणत नाही? एक म्हणजे आपणही तिच्यासोबत फसलेलो असतो, आणि दुसरं म्हणजे तिचा राग कशाला जपतोय ते आपल्याला पहिल्यापासून दिसत असतं. एकाने तिचा अपमान केला, दुसऱ्याने तिला भाव दिला, म्हणून पहिला वाईट आणि दुसरा चांगला, आणि याला ती स्वतःची पारख म्हणतेय.

मग चौतिसाव्या प्रकरणात, म्हणजे कादंबरीच्या मध्याच्या जरासं पुढे, डार्सी लग्नाची मागणी घालतो, ती झिडकारते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो तिच्या हातात पत्र देऊन निघून जातो. हे पत्र वाचण्याचं जे प्रकरण आहे ना, छत्तिसावं, ते तुम्ही पेन हातात घेऊन वाचा. ती पहिल्यांदा वाचते तेव्हा एक शब्द मान्य करत नाही, पत्र घडी करून ठेवते, पुन्हा कधी बघणार नाही असं ठरवते, आणि अर्ध्या मिनिटात ते परत उघडते. अर्धं मिनिट! तुमच्या नायिकेने कागद चुरगाळला तिथपर्यंत तुम्ही बरोबर आहात, पण चुरगाळलेला कागद पुन्हा उलगडणारा हात तुम्ही लिहिला नाहीये. एलिझाबेथ मग ओळ न ओळ तपासते, विकहॅमने काय सांगितलं होतं, कधी सांगितलं होतं, आणि तिला आत्ता पहिल्यांदा सुचतं की अरे, पहिल्याच ओळखीत परक्या मुलीला इतक्या खाजगी गोष्टी सांगणं हेच मुळात बरं नव्हतं. शिवाय डार्सीला आपण घाबरत नाही, टाळायचं असेल तर त्याने टाळावं, असं फुशारकीने सांगणारा तो गडी डार्सी असणार म्हणून नाचाला आलाच नव्हता. हे दोन्ही वाचकासमोर आधीच घडलेलं होतं, आपल्यालाही तेव्हा खटकलं नव्हतं. ती त्या रस्त्यावर दोन तास फिरत राहते.

आणि पत्रात जे सगळ्यात जास्त लागतं ते विकहॅमचं नाहीच, तिच्या घरच्यांच्या वागण्याबद्दल डार्सीने जे लिहिलंय ते लागतं, कारण त्याने ज्या नाचाच्या रात्रीचा दाखला दिलाय ती रात्र तिलाही आठवत असते, आई चारचौघांत किती मोठ्याने काय काय बोलत होती ते. म्हणजे सत्य मान्य करायचं तर आपल्याच माणसांची लाज मान्य करावी लागते. तुमच्या कादंबरीत हेच तुमच्या हातात आयतं आलेलं आहे आणि तुम्ही ते वापरलं नाही.

आता परत निफाडला येते. रिपोर्टमध्ये औषधाचा अंश मर्यादेच्या वर निघाला. का निघाला? तुम्ही पाचव्या भागात एक ओळ टाकून दिलीये की जानेवारीत अवकाळी झाला आणि वडील दोन रात्री झोपले नाहीत. त्या दोन रात्रींमध्ये काय झालं ते बागायतदाराच्या घरात वाढलेल्या कुणालाही कळेल, घड डाउनीने, म्हणजे बुरशीच्या रोगाने, जातील या भीतीने माणसाने काढणी तोंडावर असताना औषध मारलं, पीएचआयचे, म्हणजे फवारणी आणि काढणी यांच्यामध्ये सोडायचे दिवस मोजले नाहीत, किंवा मोजले आणि देवावर हवाला ठेवला. युरोपात जाणारा माल असा चालत नाही हे नाशिक पट्ट्यात शेंबड्या पोरालाही माहिती असतं, २०१० च्या सीझनला क्लोरमेक्वाट या वेलीची वाढ आवरणाऱ्या औषधाच्या अंशावरून युरोपात माल अडकला होता ती आठवण अजून लोक काढतात. म्हणजे चूक वडिलांची आहे. तुमच्या नायिकेला रिपोर्ट हातात आल्याक्षणी हे कळलेलं असणार, आणि म्हणूनच तिला त्या पोरावर चिडत राहणं भाग आहे, कारण ज्या दिवशी ती म्हणेल की तो बरोबर होता त्या दिवशी तिला म्हणावं लागेल की माझे वडील चुकले. तिचा सगळा राग वडिलांची राखण करतोय. हे तुम्हालाही लिहिताना कुठेतरी जाणवलेलं असणार, नाहीतर त्या झोप नसलेल्या दोन रात्री तुम्ही लिहिल्याच नसत्या, फक्त वाचकाला तुम्ही ते दाखवलं नाही.

दाखवायचं म्हणजे तिच्या मनातले विचार लिहून काढायचे नाहीत हं. "तिला वडिलांची फार काळजी वाटत होती" असं एकही वाक्य नको. फवारणीची वही वापरा. एक्स्पोर्टचा प्लॉट आहे म्हणजे घरात वही असणारच, कुठल्या तारखेला काय मारलं त्याची नोंद ठेवावी लागते. ती रिपोर्ट चुरगाळते, रात्री सगळे झोपल्यावर उलगडते, आणि वही काढते. वडिलांचं अक्षर ओळखीचं, ठसठशीत, पण जानेवारीतल्या त्या आठवड्यातली एक ओळ वेगळ्या शाईने आहे, किंवा पान नीट फाडलेलं आहे आणि शिवणीत कागदाचा बारीक दात राहिलाय. ती वही जागेवर ठेवते. सकाळी वडील विचारतात काय गं झोपली नाहीस का, ती चहा पुढे करते आणि म्हणते त्या पॅकहाऊसवाल्याला मी सोडणार नाही. बास. तेच वाक्य जे तुमच्या दहाव्या भागात डोक्यात जातं, ते इथे काळजात जाईल.

हाच खेळ एलिझाबेथ गॅस्केलच्या 'नॉर्थ अँड साऊथ' मध्ये आहे, १८५४-५५ मध्ये साप्ताहिकातून क्रमशः आलेली कादंबरी, म्हणजे तुमच्यासारखीच भागांची. मार्गारेट आणि गिरणीमालक थॉर्नटन यांचं पटत नाही ते गैरसमजाने नाही, संप, मजुरी, कामगार यावर त्यांचं खरोखरच पटत नाही. पुढे एका ठिकाणी मार्गारेट पोलिसाला तोंडावर खोटं सांगते, त्या संध्याकाळी मी स्टेशनवर नव्हतेच, आणि थॉर्नटनने तिला तिथे एका तरुणासोबत बघितलेलं असतं. तो तरुण तिचा भाऊ असतो, नौदलातल्या बंडाच्या प्रकरणात सापडला तर फासावर जाईल असा, मरणाला टेकलेल्या आईला बघायला लपून आलेला. तिला भाऊ आहे हेच थॉर्नटनला माहिती नाही. पुढे कितीतरी प्रकरणं ती त्याला खरं सांगत नाही आणि तो आतल्या आत जळत राहतो, आणि एकदाही वाचणारी बाई म्हणत नाही की अगं सांगून टाक ना एकदाचं, कारण ती कुणाला वाचवतेय ते आपण डोळ्यांनी बघितलंय. पोलीस बाहेर पडल्यावर ती जमिनीवर कोसळते तेव्हा आपणही तिच्यासोबत खाली बसलेलो असतो.

दुसरी गोष्ट, आणि ही तुमच्या कादंबरीत पहिल्या गोष्टीइतकीच नडतेय. तुम्ही एक भाग तिचा एक भाग त्याचा असं आलटून पालटून लिहिलंय. हल्ली बहुतेक जण असंच लिहितात कारण हिरोच्या मनात डोकावायला वाचकांना आवडतं, मला मान्य आहे. पण त्याची किंमत बघा. चौथ्या भागात त्याच्या तोंडून आम्हाला कळतं की त्याने वरिष्ठांशी भांडून दुसरं सॅम्पल घ्यायला लावलं होतं आणि तेही फेल गेलं. म्हणजे चौथ्या भागापासून वाचकाच्या लेखी तो देवमाणूस, आणि नायिका पुढे अडतिसाव्या भागापर्यंत एका देवमाणसाला शिव्या देतेय. कुठलीही बाई यात वाईटच दिसणार. ऑस्टिनने डार्सीच्या मनातलं फार थोडं दाखवलंय, डोळे आवडायला लागले एवढंच, विकहॅमचं प्रकरण मात्र पत्रापर्यंत पूर्ण झाकून ठेवलंय. तुम्ही त्याचे भाग काढू नका, पण दुसऱ्या सॅम्पलची गोष्ट चौथ्यातून उचला आणि तिला ज्या दिवशी कळते त्याच दिवशी आम्हालाही कळू दे. त्याच्या भागांमध्ये त्याला थोडा चुकू पण दे, गेटवर सगळ्या शेतकऱ्यांदेखत त्याने तिच्या वडिलांना "काका, नियम वाचता येत नसतील तर एक्स्पोर्ट करू नये" असं म्हटलेलं आहे, ते वाक्य भयंकर आहे आणि मी वाचलेल्या भागांत त्याला त्याचा पश्चात्ताप झालेला मला कुठे दिसला नाही. माल नाकारण्यात तो बरोबर होता पण म्हाताऱ्या माणसाला चारचौघांत तसं बोलण्यात चूक होता, आणि तिच्या रागातला तेवढा भाग शेवटपर्यंत खरा राहायला पाहिजे.

यावरून आठवलं, एलिझाबेथलासुद्धा पत्र वाचल्यावर लगेच प्रेमबिम होत नाही. तिला स्वतःची लाज वाटते, पण त्याला नकार दिला याचा क्षणभरही पश्चात्ताप होत नाही, त्याला पुन्हा बघायची इच्छाही होत नाही. राग गेला नाही, त्याच्या खालची जमीन बदलली. तुम्ही विचारलंत ना की विसाव्या भागात माफी मागायला लावू का, तर माफी हा उपायच नाही. कळल्यानंतर तिने तीच चूक तशीच्या तशी पुन्हा करू नये, एवढंच वाचक मागतो. नवी चूक करू दे, आणखी मोठी करू दे.

आणि वळण जेव्हा येईल तेव्हा ते तिच्या पायांनी येऊ दे. आपल्याकडे खाडिलकरांचं 'संगीत मानापमान' आहे, १९११ चं, बालगंधर्वांची भामिनी सगळ्यांना गाण्यांमुळे आठवते, पण गोष्ट म्हणून बघा, श्रीमंतीच्या तोऱ्यात भामिनी धैर्यधराला गरीब म्हणून नाकारते, आणि नंतर तीच थाटमाट उतरवून वनमाला बनून त्याच्याजवळ जाते. शंभर वर्षांपूर्वीच्या नाटकातल्या त्या बाईचा ताठा कमी डोक्यात जातो, कारण ती नुसती बसून राहत नाही, उठून जाते. डार्सीने दुसऱ्यांदा मागणी घातली अठ्ठावन्नाव्या प्रकरणात, पण त्या बोलण्याला तोंड फोडलं एलिझाबेथने, तिच्या बहिणीसाठी त्याने गुपचूप जे केलं त्याचे आभार मानून. तुमच्या अडतिसाव्या भागात मात्र नायिकेचा अपघात होतो, तो दवाखान्यात रात्रभर बसतो, ती डोळे उघडते आणि सगळं विरघळतं. तो अपघात काढून टाका, अगदी निर्दयपणे काढा. बेशुद्ध माणसाचं मन बदललं तर ते त्याने बदललं असं कसं म्हणायचं.

एक गोष्ट मात्र तुमच्या बाजूने सांगते. ज्यांनी तुम्हाला सांगितलं की नायिका आगाऊ आहे, उद्धट आहे, त्यांचं सगळं मनावर घेऊ नका. हिरो भाग दोनमध्ये ड्रायव्हरवर ओरडतो, भाग सहामध्ये फोन आपटतो, त्याला कुणी उद्धट म्हटलं नाही, त्याला "इंटेन्स" म्हटलं. पोरीने आवाज चढवला की ती डोक्यात जाते, पोराने चढवला की तो मनात भरतो, ही सवय आपल्या वाचण्यातच आहे, माझ्याही आहे, सतरा वर्षांत मला ती हस्तलिखितं वाचताना स्वतःला पकडून पकडून कमी करावी लागली. म्हणून अभिप्राय घेताना "ती आवडली का" असं विचारूच नका. "कुठल्या पानावर तुम्ही तिला सोडून दिलं" असं विचारा. लोक पान सांगतात, आणि तिथे गेलं की बहुतेक वेळा काहीतरी माहिती जास्त दिलेली असते किंवा काहीतरी लपवलेलं असतं. तुमच्या बाबतीत मी पैज लावते की बहुतेक जणी नवव्या-दहाव्या भागाकडे बोट दाखवतील.

खटकेबाज संवाद तुम्हाला छान जमतात, त्यांना हात लावू नका. फक्त एकच बघा, भांडणात दोघं प्रत्येक वेळी तेच भांडतायत का. गेटवरचं भांडण मालावरून आहे, पुढचं वडिलांच्या अपमानावरून व्हायला पाहिजे, त्यापुढचं ती त्याला न विचारता बँकेत त्याची तक्रार करते त्यावरून, म्हणजे दर वेळी एक पायरी खाली, जिथे ती लपवतेय त्याच्या जवळ. बाराव्या भागातलं जे कांद्याच्या ट्रॅक्टरवरून भांडण आहे ते मजेदार आहे पण ते आठव्या भागाच्या आधी कुठेतरी न्या, कारण रिपोर्ट वाचल्यावर ती तितक्या हलक्या मनाने भांडू शकणार नाही.

चाळीसच्या चाळीस भाग एकदम लिहायला घेऊ नका. नववा आणि दहावा नवा लिहा, वहीसकट, चौथ्यातलं दुसरं सॅम्पल काढा, आणि अडतिसाव्याच्या जागी ती स्वतः फवारणीची वही पिशवीत घालून पॅकहाऊसला जाते असा एक प्रसंग लिहून बघा. ती वही त्याच्या टेबलावर ठेवते, त्याच टेबलावर जिथे तिने घड ठेवला होता. ती काय बोलते ते मला आत्ता सांगता येणार नाही, ते तुम्हालाच सापडेल, पण पहिलं वाक्य प्रेमाचं नसावं, वडिलांबद्दलचं असावं. एवढं झालं की पाठवा, मी वाचते.